नागपूर तर वाढतंय, मग लोकसंख्या घटण्याची काळजी कशाला? शाळा, पाणी, मेट्रो आणि आमदारांचं गणित समजून घ्या

१ डिसेंबर २०२४. नागपुरात कठाळे कुलसंमेलनात बोलताना सरसंघचालक मोहन भागवत यांनी एक आकडा सांगितला आणि पुढचे दोन दिवस तोच आकडा सोशल मीडियावर फिरत राहिला. आकडा होता २.१. समाजाचा जननदर याच्या खाली गेला तर तो समाज हळूहळू संपतो, म्हणून दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मग नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एका बाजूने समर्थन, दुसऱ्या बाजूने ‘तिसऱ्याच्या शाळेची फी कोण भरणार?’ हा प्रश्न.

या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मागेच राहिला. माणसं कमी झाली तर शहराचं काय होतं? रस्ते, जलवाहिन्या, शाळांच्या इमारती, मेट्रोचे खांब या गोष्टी काही माणसांबरोबर कमी होत नाहीत. त्या बांधलेल्या असतात आणि त्यांचा खर्च कोणाला तरी भरावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरची लोकसंख्या कुठे घटतेय? वर्धा रोडला संध्याकाळी सहा वाजता जाऊन बघा. बरोबर आहे, नागपूर घटत नाहीये. पण ते कसं वाढतंय आणि आजूबाजूचं काय होतंय, ते पाहिलं की चित्र जरा वेगळं दिसतं.

आधी २.१ चं गणित

एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, याला एकूण जननदर म्हणतात. आई-वडील दोघं, त्यांची जागा घ्यायला दोन मुलं. काही मुलं मोठी होण्याआधी दगावतात, शिवाय जन्मणाऱ्यांत मुलग्यांचं प्रमाण थोडं जास्त असतं, म्हणून वरचं ०.१. एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

महाराष्ट्राने हा टप्पा केव्हाच ओलांडलाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली राज्याचा जननदर २.१ होता, २०१५-१६ मध्ये १.९ आणि २०१९-२१ मध्ये १.७. देशाच्या शहरी भागाचा आकडा १.६ आहे.

पण दर २.१ च्या खाली गेला म्हणून लोकसंख्या दुसऱ्या दिवसापासून घटत नाही. आधीच्या पिढ्यांत जन्मलेली मुलं आता तरुण आहेत, त्यांची संख्या मोठी आहे, त्यामुळे प्रत्येकीला मुलं कमी झाली तरी एकूण जन्म बराच काळ जास्तच राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकापर्यंत वाढत जाईल आणि मग उतरणीला लागेल. म्हणजे ‘समाज संपेल’ ही भीती आज तरी लांबची आहे. जवळची गोष्ट वेगळी आहे. लोकसंख्या घटण्याच्या बरीच आधी तिची रचना बदलते. पाळण्यातली मुलं कमी, काठी घेऊन चालणारे जास्त. भारतात ६० वर्षांवरच्यांचं प्रमाण २०११ मध्ये १०० मागे ८ च्या आसपास होतं, ते २०३६ पर्यंत १५ च्या घरात जाईल, असं केंद्राच्या तज्ज्ञ गटाचं गणित सांगतं.

आणि शहराचं गणित तर देशापेक्षाही वेगळं. शहराची लोकसंख्या फक्त पाळण्यावर ठरत नाही. कोण आलं, कोण गेलं आणि महापालिकेची हद्द कुठवर सरकली, यावरही ती ठरते.

नागपूरचे आकडे काय सांगतात?

जनगणनेत १९७१ साली नागपूर शहर होतं ८ लाख ६६ हजारांचं. १९८१ मध्ये १२ लाख १९ हजार, १९९१ मध्ये १६ लाख २५ हजार, २००१ मध्ये २० लाख ५२ हजार आणि २०११ मध्ये २४ लाख ६ हजार.

आकडा चढताच आहे. पण दर दहा वर्षांतली वाढ टक्क्यांत काढली तर क्रम असा लागतो: ४१, ३३, २६, १७. गाडी पुढे जातेय, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय प्रत्येक दशकात थोडा उचलला गेलाय. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची वाढ १४.४ टक्के होती, राज्याची १६ टक्के. ज्या शहराला उद्याचं महानगर म्हटलं जातं, त्याचा जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा हळू वाढत होता, हे फारसं कोणी बोलत नाही.

आजूबाजूला तर वेग आणखी मंद. त्याच दशकात वर्धा जिल्हा ५.२ टक्क्यांनी वाढला, भंडारा ५.६, चंद्रपूर ६.४. दहा वर्षांत पाच टक्के म्हणजे जवळपास जागेवर उभं राहणं. नागपूर आजवर ज्या जिल्ह्यांतल्या स्थलांतरितांवर वाढलं, त्यातले हे तीन. विहिरीतलं पाणीच कमी झालं तर पोहऱ्यात कुठून येणार?

राज्यात २००१ ते २०११ या काळात तीन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. रत्नागिरी जवळपास ५ टक्के, सिंधुदुर्ग २ टक्के. या दोन जिल्ह्यांचं कारण कोकणातल्या कुलूपबंद घरांकडे बघून कळतं. तिसरं नाव ऐकून मात्र अनेकांना आश्चर्य वाटतं: मुंबई शहर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा हा जिल्हा ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आला. अडीच लाख माणसं कमी. गिरण्या गेल्या, घरं महागली, लोक उपनगरात आणि ठाण्याकडे सरकले. कोलकाता महापालिकेचंही त्या दशकात तेच झालं, ४५ लाख ७३ हजारांवरून ४४ लाख ९७ हजार.

शहराचा गाभा रिकामा होतो आणि कडा फुगतात. नागपुरातही महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांतून वाडे विकून, वाटण्या करून कुटुंबं बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, हुडकेश्वरकडे गेलेली दिसतात. खालचं दुकान चालू, वरचा मजला बंद, हे इतवारीतलं चित्र नागपूरकरांना सांगायला नको.

एकदा नागपूर खरोखर घटलं होतं

हे पहिल्यांदा घडेल असंही नाही. १९०१ मध्ये नागपूरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या वर होती. १९११ च्या जनगणनेत ती एक लाखाच्या आसपास आली. प्लेगच्या साथींचा तो काळ. त्यानंतर काही वर्षांतच, १९१७ साली, नगररचनेतलं जगप्रसिद्ध नाव असलेल्या पॅट्रिक गेडिस यांचा नागपूरच्या नगररचनेवरचा अहवाल आला. साथ आली की दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढायचे, ही त्या काळातली सरकारी रीत गेडिस यांना मान्य नव्हती. भारतातल्या शहरांवर लिहिताना आहे ती वस्ती जपून, गरज असेल तेवढीच काटछाट करावी, असं ते सांगत.

पुढे काय झालं? १९२१ मध्ये शहर १ लाख ४५ हजारांचं आणि १९३१ मध्ये २ लाख १५ हजारांचं झालं. १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा आला, तोच प्रन्यास ज्याला आजही सगळे ‘एनआयटी’ म्हणतात. १९११ चा आकडा बघून कोणी शहर संपलं असं ठरवलं असतं तर तो फसला असता.

पण अशी प्रत्येक घट भरून निघते असंही नाही. नागपूरपासून जेमतेम १५-१६ किलोमीटरवर कामठी आहे. इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली ही छावणी एकेकाळी या भागातली मोठी बाजारपेठ होती. १८८१ मध्ये कामठीत सुमारे ५१ हजार लोक राहत होते, त्याच वर्षी नागपुरात लाखाच्या जरा खाली. म्हणजे कामठी नागपूरच्या निम्मी होती! मग रेल्वेमुळे व्यापार नागपूरकडे वळला, छावणीतली फौजही कमी केली गेली. १९०१ मध्ये कामठी ३८,८८८ वर आली. वीस वर्षांत चौथा हिस्सा गेला. साथीमुळे झालेली घट आणि पोट भरायचं साधनच हललं म्हणून झालेली घट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या शेजारच्या दोन गावांत दिसतं.

आराखडा वाढ गृहीत धरूनच का बनतो?

महाराष्ट्रात शहरांचं नियोजन १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने चालतं. महापालिका विकास आराखडा करते, ज्याला आपण ‘डीपी’ म्हणतो. त्यात पहिलं काम लोकसंख्येचा अंदाज बांधण्याचं. पुढच्या वीस वर्षांत शहर किती होईल हे ठरलं की बाकी सगळं त्यावरून निघतं. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारण ५ हजार लोकांमागे एक प्राथमिक शाळा, माणशी रोज १३५ लिटर पाणी, माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा. लोकसंख्येचा आकडा चुकला की खालचा प्रत्येक आकडा चुकतो.

आणि हा अंदाज बहुतेक वेळा मागच्या दशकांची रेघ पुढे ओढून काढला जातो. रेघ वर जात असेल तर पुढेही वरच. रेघ वाकतेय, हे पाहायला ताजी जनगणना लागते आणि तीच नाहीये. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नागपूर महापालिकेची १५१ नगरसेवकांची प्रभागरचनाही २०११ च्या आकड्यावर उभी आहे. हुडकेश्वर-नरसाळा धरून २४,४७,४९४.

त्यात आराखड्याची स्वतःची गती. नागपूरचा १९८६ ते २०११ या काळासाठीचा सुधारित आराखडा शासनाने मंजूर केला तो २००० साली. पंचवीस वर्षांच्या आराखड्यातली पहिली चौदा वर्षं मंजुरीतच गेली. तोवर लोक काय करत होते? प्लॉट घेत होते. शेती तोडून पाडलेले ले-आउट, त्यातले हजार-पंधराशे फुटांचे प्लॉट, मग गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरण. ‘५७२ ले-आउट’ आणि ‘१९०० ले-आउट’ हे शब्द नागपूर सोडून दुसऱ्या गावात कोणाला कळणार नाहीत, इथे मात्र ते घराघरांत माहीत आहेत.

या ले-आउटची खास नागपुरी खूण म्हणजे रिकामा प्लॉट. कोणीतरी पोरीच्या लग्नासाठी, पोराच्या शिक्षणासाठी घेऊन ठेवलेला. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, गवत वाढतं, शेजारचे साप निघाला म्हणून तक्रार करतात. महापालिकेसाठी हा प्लॉट महागडा आहे. त्याच्यापुढून रस्ता न्यावाच लागतो, गटार न्यावंच लागतं, दिवा लावावाच लागतो, पण तिथे ना पाण्याचं बिल भरणारा कोणी, ना मतदार. दहा घरांच्या गल्लीत सहा प्लॉट रिकामे असतील तर सोय दहांची आणि वापर चौघांचा. पूर्ण वस्ती होईल या आशेवर ही सोय केलेली असते. वाढ मंदावली तर ती आशा किती वर्षं ताणायची?

सगळ्यात आधी फटका बसतो तो शाळेला

मुलं कमी झाली हे सगळ्यात आधी पहिलीच्या वर्गात कळतं. जन्मानंतर सहा वर्षांनी पट उतरतो, त्यानंतर दहा-बारा वर्षांनी कॉलेज, मग नोकरी, मग घरं. म्हणून लोकसंख्येचा अभ्यास करणारे शाळेच्या पटाकडे बारकाईने बघतात.

शिक्षण विभागाच्या २०२३ मधल्या आकडेवारीनुसार राज्यात २० किंवा त्यापेक्षा कमी पट असलेल्या १४ हजार ७०० हून अधिक शाळा होत्या आणि त्यांत साधारण १ लाख ८५ हजार मुलं. सरासरी काढली तर एका शाळेत १२-१३ मुलं. या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायच्या, असा प्रस्ताव तेव्हा पुढे आला. त्यासाठी नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत ही उदाहरणं दिली गेली. विरोधही लगेच झाला, आणि तो समजण्यासारखा होता. वाडीवरची शाळा चार किलोमीटरवर गेली की सगळ्यात आधी घरी बसते ती मुलगी. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयावरूनही हाच वाद झाला. वरच्या वर्गांचा पट २० च्या खाली गेला की नियमित शिक्षकाचं पदच जातं, मग उरलेली मुलं आपोआप दुसरीकडे जातात आणि शाळा ‘आपसूक’ बंद होते, हा शिक्षक संघटनांचा आक्षेप.

नागपूर महापालिकेच्या मराठी शाळांचा पट वर्षानुवर्षं उतरत गेला, काही शाळा बंद झाल्या, काही इमारती दुसऱ्या कामाला लागल्या. इथे थोडं थांबायला हवं. या रिकाम्या बाकांचं खापर सरळ जननदरावर फोडणं सोपं आहे, पण ते अर्धसत्य आहे. मुलं जन्मली होती, ती खासगी इंग्रजी शाळेत गेली. म्हणूनच महापालिकेने २०२१ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने स्वतःच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या. दोन्ही कारणं एकमेकांत मिसळली की धोरण आखणाऱ्यांना एक पळवाट मिळते. ‘मुलंच नाहीत, काय करणार?’ असं म्हटलं की शाळा का आवडेनाशी झाली याचं उत्तर द्यावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, बंद शाळेच्या इमारतीचं काय करायचं, याचं ठरलेलं धोरण हवं. जपानमध्ये दरवर्षी शेकडो शाळा बंद होतात. त्यांच्या इमारतींत वृद्धांची दिवसभराची केंद्रं, वाचनालयं, छोटे उद्योग चालवले जातात. नागपुरात ज्या वस्तीतली मुलं पुण्या-हैदराबादला नोकरीला आणि आई-वडील इथे एकटे, तिथे महापालिकेच्या शाळेची रिकामी इमारत म्हणजे मोक्याच्या जागी, पाण्या-विजेसकट तयार असलेलं ज्येष्ठांचं केंद्र होऊ शकतं. विकास आराखड्यात त्या जागेचं आरक्षण ‘प्राथमिक शाळा’ असतं, ते बदलायला वेगळी प्रक्रिया करावी लागते. तेवढ्यात खिडक्या चोरीला जातात.

पाणी आणि मेट्रो: माणसं कमी, बिल तेवढंच

जर्मनीच्या पूर्व भागात १९९० नंतर माणसं पश्चिमेकडे गेली. सुमारे दहा लाख फ्लॅट रिकामे पडले. मग एक विचित्र अडचण आली. जलवाहिन्या आणि गटारं मोठ्या लोकसंख्येसाठी टाकलेली. पाणी वापरणारे कमी झाले, तसं पाणी वाहिन्यांत रेंगाळून खराब व्हायला लागलं, गटारांत गाळ बसू लागला. ती साफ राहावीत म्हणून पालिकांना मुद्दाम पाणी सोडावं लागलं. २००२ पासून तिथल्या सरकारने पैसे देऊन रिकाम्या इमारती पाडल्या. गंमत म्हणजे त्यातलंच लाइपझिग शहर पुढे पुन्हा वाढलं आणि आज तिथे घरं मिळत नाहीत.

नागपूरचं पाणी पेंचच्या तोतलाडोह-नवेगाव खैरी धरणांतून आणि कन्हान नदीतून येतं. २०१२ पासून शहराचा पाणीपुरवठा २५ वर्षांच्या कराराने ‘ऑरेंज सिटी वॉटर’ ही कंपनी बघते. अशा करारात धरण, शुद्धीकरण केंद्र, पंप, वाहिन्या यांचा खर्च ग्राहक असोत-नसोत होतच राहतो. ग्राहक वाढले तर माणशी खर्च उतरतो, ग्राहक पांगले तर चढतो. बाहेरच्या ले-आउटमध्ये उन्हाळ्यात टँकर आणि जुन्या वस्तीत न वापरलेली क्षमता, हे दोन्ही एकाच वेळी घडू शकतं. याच शहराने एक शहाणपणाचं कामही केलंय. भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. घरगुती वापर घटला तरी असा मोठा गिऱ्हाईक टिकून राहतो.

मेट्रोचं गणित तर सरळ गर्दीवर आहे. माझी मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. प्रवासी वाढलेत, पण प्रकल्प आखताना धरलेल्या अंदाजाच्या ते बरेच मागे आहेत. दुसरा टप्पा सुमारे ४४ किलोमीटरचा, कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जाणारा. मेट्रोला गर्दी मिळावी म्हणून मार्गालगत ५०० मीटरच्या पट्ट्यात ४ पर्यंत एफएसआय देण्याचं धोरण आहे. म्हणजे लोकांनी मेट्रोजवळ, उंच इमारतीत राहावं, ही अपेक्षा.

आणि दुसरीकडे? २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झालं, त्याचं क्षेत्र सुमारे ३,५६७ चौरस किलोमीटर. महापालिकेची हद्द २२७. म्हणजे पंधरापटीहून मोठं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यात सुमारे ६९२ हेक्टरवर ‘नवीन नागपूर’ आणि शहराभोवती १४८ किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता मंजूर केला. एक धोरण म्हणतं जवळ या, दुसरं म्हणतं पसरा. शहर दशकात ४० टक्क्यांनी वाढत असतं तर दोन्ही एकाच वेळी खपलं असतं. १७ टक्के किंवा त्याहून कमी वाढीत एकाची माणसं दुसऱ्याकडे जाणार. नवीन नागपूर भरलं तर ते जुन्या नागपुरातून भरेल की बाहेरून येणाऱ्या नोकरदारांनी, हा प्रश्न कागदावर कुठेतरी विचारलेला असायला हवा. मिहानचा वीस वर्षांहून अधिक काळाचा अनुभव हाताशी आहे. जागा तयार केली म्हणजे माणसं येतातच असं नाही.

न ठरवता पसरलेल्या शहराची किंमत डेट्रॉइटने मोजली. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोक, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. रस्ते, पाइप, दिवे तेवढेच. कर भरणारे कमी झाले, सेवा बिघडल्या, म्हणून आणखी लोक गेले. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. जपानमधल्या युबारी या खाणकामगारांच्या गावाची गोष्ट त्याहून वाईट: १९६० मध्ये १ लाख १७ हजार लोक, २०२० मध्ये साडेसात हजारांच्या खाली. याउलट जपानमधल्याच तोयामा शहराने आधीच ओळखलं. २००६ मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर ट्राम आणली आणि ट्रामच्या मार्गावर घर घेणाऱ्याला अनुदान दिलं. शहराबाहेर राहायला बंदी नाही, पण पालिकेचा पैसा गाभ्यातच.

आणि आमदारांचं गणित

इथे विदर्भाला खरा चटका बसतो. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेआधी विदर्भात विधानसभेच्या ६६ जागा होत्या. त्या ६२ झाल्या. लोकसभेच्या ११ होत्या, त्या १० झाल्या. वाशीम यवतमाळला जोडलं गेलं. त्याच वेळी ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. कारण एकच, लोकसंख्येतला वाटा. मुंबई शहर जिल्ह्याच्याही १७ च्या १० झाल्या, म्हणजे घटलेल्या वाट्याने मुंबईलाही सोडलं नाही.

पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर व्हायची आहे. २०११ चेच आकडे धरून एक साधा गुणाकार करून बघा. विदर्भाचे अकरा जिल्हे मिळून सुमारे २ कोटी ३० लाख, राज्य ११ कोटी २४ लाख. वाटा साडेवीस टक्के. २८८ जागांचे साडेवीस टक्के म्हणजे ५९. एकूण जागा तेवढ्याच ठेवल्या तर आणखी तीन आमदार कमी. नागपूर जिल्ह्याच्या १२ जागा या हिशेबाने जवळपास टिकतात, कात्री लागू शकते ती वर्धा, गोंदियासारख्या जिल्ह्यांना, जिथे आज चार-चार जागा आहेत आणि वाटा साडेतीनच्याही खाली येतो. अधिवेशन नागपुरात भरतं, पण त्यात हात वर करणारे विदर्भातले कमी, असं ते चित्र.

पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करातला वाटा ठरवताना लोकसंख्येला १५ टक्के वजन दिलं, पण जननदर आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं नुकसान होऊ नये म्हणून लोकसंख्याविषयक कामगिरीलाही १२.५ टक्के वजन दिलं. राज्यांमध्ये अशी भरपाई होते. एका राज्याच्या आत, विदर्भ आणि ठाण्यामध्ये, अशी भरपाई करणारं काही नाही.

कायद्याची दिशा मात्र अजून जुनीच आहे. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्या व्यक्तीला स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या नियमांनुसार सरकारी नोकरीतही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. आंध्र प्रदेशने निवडणुकीची ही अट २०२४ मध्ये काढून टाकली. महाराष्ट्रात जननदर १.७ वर आल्यावर ही अट नेमकं काय साधते, यावर विधिमंडळात सविस्तर चर्चा व्हायला हरकत नाही. पण अट काढली म्हणून मुलं वाढतील, असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. दक्षिण कोरियाने वर्षानुवर्षं पैसा ओतला, तरी २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ वर गेला.

आता पुढे काय?

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्याआधी २०२६ मध्ये घरयादीचं काम आहे. यात प्रगणक प्रत्येक घराची नोंद करतो: पक्कं की कच्चं, राहतं की दुकान, आणि कुलूप असेल तर रिकामं. २०११ मध्ये देशाच्या शहरांत १ कोटी ११ लाख घरं रिकामी निघाली होती. नागपूरच्या पुढच्या आराखड्यासाठी एकूण लोकसंख्येपेक्षा हा रकाना जास्त उपयोगाचा ठरू शकतो, कारण इतवारीत किती मजले बंद आहेत आणि बेस्यातले किती फ्लॅट विकले जाऊनही अंधारात आहेत, हे त्यातून प्रभागनिहाय कळेल. २०११ च्या यादीत हा आकडा होता. तो बाहेर काढून प्रभागांच्या नकाशावर मांडायला महापालिकेला २०२७ पर्यंत थांबायची गरज नाही.